सरकारी गाडी मागे येत नाही

आमच्या केल्डी खोऱ्याची रेल्वे सरकारनं विकत घेतली त्याला यंदा पन्नास वर्षं झाली, म्हणून समितीनं एक पुस्तक छापलं आहे. गुळगुळीत कागद, चव्वेचाळीस पानं, किंमत अडीच शिलिंग. पाचव्या पानावर माझ्या वडिलांचा फोटो आहे. खाली लिहिलंय, कंपनीचे अध्यक्ष, दूरदृष्टीचे, वगैरे. नवव्या पानावर इंजिन आहे. त्याला किती चाकं होती आणि ते कुठल्या कारखान्यातून आलं, हेसुद्धा आहे. ग्रिझेल टुलॉखचं नाव मात्र कुठंच नाही. समितीच्या चिटणिसाला मी विचारलं, तर तो म्हणाला, "मिस क्रॉम्बी, त्या बाईंचा रेल्वेशी काय संबंध?"

म्हटलं, "गाढवा, तुझी नाळ तिनं कापली आहे. घरी जाऊन आईला विचार संबंध काय ते."

तो हसला. म्हातारीचं बोलणं म्हणून सोडून दिलं त्यानं. म्हणून मीच लिहिते आहे. पुस्तकात कुणी घालणार नाही हे मला माहीत आहे.

ग्रिझेल पार समुद्रापलीकडच्या ऑर्कनी बेटांवरून नवऱ्याबरोबर इथं आली. नवरा मॅग्नस कंपनीच्या कामावर खोदाईला होता. नवव्या मैलावर टेकडी कापून रूळ नेले आहेत, तिथं दरड कोसळली आणि तो गेला. तिला मूलबाळ नव्हतं. माझ्या वडिलांनी तिला तिथलीच रुळाकडेची खोदाईवाल्यांची झोपडी राहायला दिली आणि म्हणाले, "टुलॉखबाई, ही गाडी तुमचीच समजा. कधीही बसा." कागद काही केला नाही. त्या काळात आमच्याकडे शब्द दिला की झालं, असं सगळे म्हणत. वडीलही म्हणत.

सुईणपण ती घरूनच शिकून आली होती. बुटकी, रुंद, हात साबणाच्या खारानं फुटलेले, तोंडात मातीचा पाइप. प्रत्येकाशी ती अशी बोलायची, की जणू समोरच्याला उशीर झाला आहे. कळा देणाऱ्या बाईला सांगायची, "ओरड बाई, पोटभर ओरड. शेजार कसला तो मेंढ्यांचा, त्या काही मनाला लावून घेत नाहीत." डॉक्टर होता एक, पण जंक्शनला. दुपारी दारू पोटात गेली, की कुणाला त्याच्याकडे न्यावं असा नसायचा तो. बावीस मैलांच्या खोऱ्यात बाळंतपणाला कोण, तर ग्रिझेल.

आणि ग्रिझेलला आणायचं कसं, याची एक रीत होती. प्रत्येक घरी लाल फ्लॅनेलचा परकर असे. थंडीच अशी, की त्यावाचून चालत नाही. कळा सुरू झाल्या की घरातलं कुणी तो परकर रुळाकडच्या कुंपणावर टाकायचं. आमची गाडी एकच. सकाळी जंक्शनहून वर मोसबँकला यायची, दुपारी परत खाली जायची. एक डबा, मागं मालाच्या वाघिणी. ड्रायव्हर इबेनेझर पिरी. परकर दिसला की पिरी ग्रिझेलच्या झोपडीकडे जायचा. ती पुढं असली तर पुढं, मागं राहिली असली तर अख्खी गाडी मागं घ्यायचा. तिला इंजिनावर चढवायची, परकराच्या घराशी उतरवायची, मग आपल्या वाटेला लागायचं. कधी उतारूंना तिच्या झोपडीपाशी सोडून नुसतं इंजिन न्यायचा. तेव्हा उतारूंनी तिच्या चुलीवर चहा करून प्यावा, आणि प्यायल्याबद्दल लाकडं फोडून ठेवावीत, असा तिचा नियम होता. बँकेचे मॅनेजर एकदा कोट काढून लाकडं फोडत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कुणी कुरकुरत नसे. कुरकुरणार कोण? डब्यातली निम्मी पोरं तिच्या हातची.

एकदा पिरीनं रविवारी इंजिन पेटवलं. त्यावर पाद्रीबुवा पुढचे तीन रविवार शब्बाथ मोडण्याच्या पापावर बोलले. पुढच्या वसंतात त्यांच्याच कुंपणावर लाल परकर झळकला, वार रविवार. त्यानंतर बुवांनी विषय बदलला.

अशी सात वर्षं गेली.

आता खरेदीचं सांगते, कारण पुस्तकात ते 'जनतेच्या मागणीवरून' असं एका ओळीत उरकलं आहे. ही रेल्वे बांधली माझ्या वडिलांनी आणि आणखी सहा जमीनदारांनी. कायदा असा होता, की भागीदारांना ठरलेलं व्याज मिळालं नाही, तर तूट रुळालगतच्या शेतांवर पट्टी बसवून भरून काढायची. तूट दर वर्षी आली. पट्टी दर वर्षी बसली. वडिलांच्या जमिनीचा भाव तोवर तिप्पट झाला होता; पण पट्टी भरायची वॉल्टर रॅट्रेसारख्या ऐंशी एकरांत ओट पिकवणाऱ्यानं. लोक चिडले. तेव्हा वडिलांनीच तोड काढली. आपण सगळ्यांनी अर्ज करू, सरकारनं ही रेल्वे विकत घ्यावी. शेतकऱ्यांची पट्टी सुटेल, भाडं उतरेल, भागीदारांना सरकारी रोखे मिळतील. सगळ्यांचं भलं.

अर्ज घरोघर न्यायला त्यांना कोण सापडलं? ग्रिझेल. तिला कुठल्याच घराचं दार बंद नव्हतं.

"साहेब, आणि माझं येणं-जाणं?" तिनं विचारलं. आमच्याच ओसरीवर. मी तिथं होते, तेव्हा चौदा वर्षांची.

"अहो टुलॉखबाई, सरकार काय रूळ उपटून राजधानीला, वेलिंग्टनला नेणार आहे? गाडी तीच, पिरी तोच."

तिनं तो कागद सहा आठवडे हिंडवला. नवव्या मैलापासून वर, मग खाली. चौदाव्या मैलावर वॉल्टर रॅट्रेची नवी बायको होती, एफी. एकोणीस वर्षांची, केस सदा पिठाचे, कारण स्वयंपाक तिला येत नसे आणि प्रयत्न सोडवत नसे. तिनं एकटीनंच विचारलं, "मावशी, पण मग परकराचं काय?"

"परकर तुझा, डोळे पिरीचे. त्यात सरकार कुठून आलं?" ग्रिझेल म्हणाली. "सही कुठाय तुझ्या नवऱ्याची?"

हे तिनं मला पुढं स्वतः सांगितलं. लपवलं नाही.

एप्रिलमध्ये खरेदी झाली. मोसबँकला बँड वाजला, अख्खी मेंढरं भाजली. वडिलांनी भाषण केलं आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. पट्टी सुटली होती, ते खरंच होतं. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

मे महिन्यात सरकारी तपासनीस आला, स्नेलग्रोव्ह. स्वच्छ नखांचा, सभ्य माणूस, कुणावर आवाज चढवायचा नाही. त्यानं स्टेशनांवर नियम लावले. गाडी स्टेशनाखेरीज कुठं थांबणार नाही. गाडी मागं घेतली जाणार नाही, समोरून दुसरी येत असू शकते. इंजिनावर कर्मचाऱ्याखेरीज कुणी चढणार नाही. आणि रुळावरून दिसेल असं लाल कापड कुणी टांगायचं नाही, कारण लाल हा धोक्याचा इशारा आहे.

समोरून दुसरी! अख्ख्या मार्गावर एकच इंजिन होतं. ते स्वतःवर जाऊन आदळणार होतं का?

जूनमध्ये पिरीनं अकराव्या मैलावरच्या एका बाईसाठी पूर्वीसारखी गाडी मागं घेतली. बाई सुटली, जुळं झालं. पिरीला दोन पौंड दंड झाला, आणि पुन्हा केलंस तर नोकरी जाईल असं लेखी बजावण्यात आलं. ग्रिझेल तशीच मोसबँकला जाऊन स्नेलग्रोव्हसमोर उभी राहिली.

"साहेब, बाई अडली तर मी कशी जाऊ?"

"तिकीट काढून, बाई. सगळे जातात तसं."

"माझ्या झोपडीपासून स्टेशन चार मैल. आणि बाई अडलीय हे मला कळणार कसं?"

"हा प्रश्न रेल्वेचा नाही."

"सात वर्षं होता."

"खरेदीच्या कागदपत्रांत तशी नोंद नाही," तो म्हणाला. "मी सगळी यादी वाचली आहे. इंजिन, डबे, वाघिणी, पाण्याच्या टाक्या, फावडीसुद्धा आहेत. तुम्ही नाही आहात."

तो खोटं बोलत नव्हता, हेच तर डोकं फिरवणारं आहे. वडिलांनी यादी स्वतः केली होती. प्रत्येक फावड्याची किंमत लावून घेतली. जे विकता येत नव्हतं, ते त्यांनी लिहिलंच नाही.

ग्रिझेल वाकली नाही, पण एक चूक केली. घरोघर जाऊन तिनं बायकांना सांगितलं, "लाल नको तर निळं टांगा. ब्लँकेट टांगा. पिरी आपला आहे, तो काहीतरी वाट काढेल." आणि बायकांनी ऐकलं. तिचं ऐकायची सवयच होती.

जुलैच्या बारा तारखेला सकाळी सातला एफी रॅट्रेला कळा सुरू झाल्या. आमच्याकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा, कडक हिम पडलं होतं. वॉल्टरनं निळं ब्लँकेट कुंपणावर टाकलं. साडेनऊला गाडी वर गेली. पिरीनं ब्लँकेट पाहिलं. वॉल्टर फाटकाशीच उभा होता. पिरीनं त्याच्याकडे बघून हात वर केला.

तो हात वर झाला आणि वॉल्टर निश्चिंत झाला. त्यानं पाणी तापत ठेवलं. एफीला म्हणाला, "पिरीनं पाहिलंय. आता मावशी येतेच."

त्याचा घोडा आवारात होता. पाच मैल. पाऊण तासात तो ग्रिझेलला घेऊन आला असता. पण सात वर्षं ज्याला त्याला एवढंच ठाऊक होतं, की कापड टांगायचं, गाडी पाहते, मावशी येते. वॉल्टरचा धाकटा भाऊ असाच जन्मला होता. गाडीनं पाहिलं म्हणजे झालं. घोड्यावर बसणं त्याच्या डोक्यातच आलं नाही. दहा वाजले, अकरा वाजले. वाटलं, वर उतारू सोडून इंजिन मागं आणायला उशीर झाला असेल. बारा वाजता तो निघायला उठला, तर एफीनं त्याचा हात सोडला नाही. घरात तिसरं माणूस नव्हतं.

पिरी मोसबँकला गेला. वाघिणी सोडल्या, जेवला. दोन वाजता खाली निघाला. निघताना एका कागदावर 'रॅट्रे' एवढं लिहून तो कोळशाच्या तुकड्याला गुंडाळला आणि नववा मैल आला तसा, गाडी न थांबवता, ग्रिझेलच्या अंगणात फेकला. तीन वाजून गेले होते. त्यानं तेवढीच वाट काढली.

ग्रिझेल रुळांवरून धावत गेली. पंचावन्न वर्षांची बाई, हिमानं निसरड्या झालेल्या, रुळांखालच्या लाकडी पाट्यांवरून पाच मैल. पोहोचली तेव्हा पावणेपाच वाजत आले होते. मूल आडवं होतं. तिनं ते फिरवलं, बाहेर काढलं, मुलगी जिवंत होती. एफीचं रक्त थांबलं नाही. अर्ध्या तासात ती गेली.

ग्रिझेल नंतर मला म्हणाली, "दुपारी बारापर्यंत मी तिथं असते तर ती मेली नसती. उगाच म्हणत नाही मी. असलं आडवं मूल मी नऊ वेळा काढलंय."

दुसऱ्या दिवशी ती मोसबँक स्टेशनात आली. फलाटावर माणसं होती, मीही होते. पिरी इंजिनाला तेल घालत होता.

"पाहिलंस?" तिनं विचारलं.

"पाहिलं, मावशी."

"मग?"

"मला काढून टाकलं असतं. माझी पाच पोरं आहेत, मावशी."

"पाचही माझ्या हातात आली," ती म्हणाली. "पाचव्याला तू भर वाटेत डबा सोडून मला न्यायला आला होतास. अनवाणी आला होतास, घाबरून. आठवतं?"

पिरी रडायला लागला. तिला दया आली नाही. मलाही नाही आली, आणि अजून येत नाही.

"नव्हतं यायचं तर हात का वर केलास?" ती म्हणाली. "हात वर केला नसतास तर तो पोरगा घोड्यावर बसला असता. कशाला केलास हात वर?"

"सवयीनं," पिरी म्हणाला.

तिथून ती सरळ आमच्या घरी आली. मी मागोमाग. वडील जेवणाच्या टेबलाशी होते. मटन आणि सलगम, अजून डोळ्यांसमोर आहे. त्यांनी तिला बस म्हटलं. ती बसली नाही.

"साहेब, तुम्ही विकलीत. त्यांना लिहा. एका ओळीत लिहा, की सुईणीसाठी गाडी मागं येईल. दुसरं काही मागत नाही मी."

"टुलॉखबाई, फार वाईट झालं. माझ्या जिवाला लागलंय. पण आता ते माझ्या हातात नाही."

"विकताना होतं."

"तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही."

"माझ्या आलं होतं. याच घराच्या ओसरीवर विचारलं होतं मी तुम्हाला."

वडील काटा-सुरी नीट जुळवून ठेवत राहिले. मग म्हणाले, लिहितो. लिहिलंही. अकरा आठवड्यांनी उत्तर आलं, की विनंती मान्य करता येत नाही. सदर महिलेस इतर प्रवाशांप्रमाणे तिकीट काढून प्रवास करण्यास कसलीही आडकाठी नाही. वडिलांनी ते उत्तर कपाटात ठेवलं आणि विषय मिटला असं मानलं. माणूस म्हणून वाईट नव्हते, असं लोक मला सांगतात. नसतील. त्यांच्या रोख्यांच्या व्याजावर मी डनेडिनला कॉलेजात शिकले, हेही लिहून ठेवते, म्हणजे समितीला शोधावं लागायला नको.

ग्रिझेलनं उत्तराची वाट पाहिली नव्हती. एफीला पुरल्यावर चौथ्या दिवशी तिनं झोपडीला कडी घातली, कपड्यांचं गाठोडं पाठीवर टाकलं आणि चालत निघाली. जिचे दिवस सर्वांत आधी भरणार तिच्या घरी. पंधरा दिवस अगोदर जाऊन तिथं राहायचं, स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपायचं, बाळंतीण उठून बसली की पुढच्या घरी. दोघींचे दिवस एकदम आले तर अवघड असेल तिच्याकडे ती स्वतः, आणि दुसऱ्या घरच्या नवऱ्याला ताकीद, "आठव्या महिन्यापासून घोडा खोगीर घालून बांधायचा. कापडबिपड काही टांगायचं नाही. कळ आली की तू घोड्यावर. कुणी हात वर केला तरी थांबायचं नाहीस."

तेरा वर्षं ती अशी जगली. स्वतःची चूल नाही, अंथरूण नाही. लोक जेवू घालत, पण कुणाच्या घरात सदा पाहुणं असणं म्हणजे काय, ते ज्यांनी केलं नाही त्यांना कळायचं नाही. सासवांची बोलणी खाल्ली तिनं. नवरे कंटाळून विचारत, "अजून किती दिवस, मावशी?" ती म्हणायची, "तुझ्या पोराला विचार, मला काय विचारतोस?" गाडीत ती पुन्हा बसली नाही. हिमवर्षावात नाही, पाय सुजले तेव्हाही नाही. मी एकदा म्हटलं, हा हट्ट आहे. ती म्हणाली, "हो, आहे. मग?"

१८९३ साली मी कॉलेजातून आले होते. बायकांना मत मिळावं म्हणून गावोगाव अर्ज फिरत होता, आणि आमच्या खोऱ्याचं काम मी अंगावर घेतलं होतं. ग्रिझेल तेव्हा सतराव्या मैलावर एका घरी होती. स्वयंपाकघरात बसून ओट निवडत होती. मी कागद समोर ठेवला आणि भाषण सुरू केलं. कॉलेजात शिकलेलं सगळं सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. मग पाइप तोंडातून काढला.

"कागदावर काय लिहिलंय ते राहू दे, लिलियास. काय लिहायचं राहिलंय ते सांग."

"म्हणजे?"

"म्हणजे तेच. गेल्या वेळी मी एकशे चाळीस सह्या गोळा केल्या. कागदावरचं सगळं खरं झालं. पट्टी सुटली, भाडं उतरलं."

"मावशी, हे वेगळं आहे."

"असेल. आधी नीट वाच. तुझ्या शिकल्या डोळ्यांनी, जे नाही ते वाच. मग ये."

मला संताप आला. मी म्हटलं, तुमच्यासारख्यांमुळंच सगळं अडतं. ती म्हणाली, "मी कुणाला अडवत नाही. दार उघडं आहे." मी कागद गुंडाळून बाहेर पडले. सही न करणारी खोऱ्यात तीन माणसं निघाली, त्यात ती एक. मत मिळालं. ते मिळायलाच हवं होतं. त्याबद्दल मी तिच्याशी आजही भांडेन.

पण त्या दिवशी घोड्यावर बसून निघाले, तेव्हा मागच्या घरातून बाईचा आवाज आला आणि त्यावर ग्रिझेलचा, "आले, आले. मी इथंच आहे." ती बाई एका खोलीपलीकडे होती. त्या तेरा वर्षांत केल्डी खोऱ्यात दोनशेवर बाळंतपणं झाली. त्यांतल्या कुठल्याही बाईला सुईणीसाठी गाडीची वाट पाहावी लागली नाही.